आधी उंबरठे मोजा : पालिका मंडळास खुले पत्र

मा. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक यांस,

सादर नमस्कार.

बाजाररस्त्याच्या सुशोभीकरणाचा ठराव पालिका मंडळाने मंजूर केला आहे. जुन्या रस्त्यावर रंगीत पेव्हर (काँक्रीटचे ठोकळे) बसणार, दोन्ही अंगांना शोभेचे दिवे लागणार, एका बाजूला मोटारींसाठी जागा आखणार, आणि खाली बसून भाजी, फुले, सुके मासे विकणाऱ्या बायकांना नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर पाठवणार. आराखडा म्हणून आम्हाला जे दाखवले ते एक रंगीत चित्र होते. त्यात स्वच्छ ऊन पडलेले आहे. गटार कुठे आहे ते दिसत नाही, आणि दुकानांचे उंबरठे रस्त्याच्या वर आहेत की खाली, तेही कळत नाही.

या पत्राखाली सह्या करणारे आम्ही या रस्त्यावरचे दुकानदार, घरमालक, भाडेकरू, इथल्या घरांची शाकारणी व गिलावा करणारे गवंडी-सुतार, आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले काही ओव्हरसियर आहोत. रस्त्याचे काम चुकले की पाणी आमच्या दुकानात शिरते आणि ते उपसायलाही आम्हीच असतो, एवढाच आमचा अधिकार. गावाचे नाव मुद्दाम घातलेले नाही. पणजी महापालिका सोडली तर गोवा राज्यात १३ नगरपालिका आहेत आणि बहुतेकांच्या जुन्या बाजाराचे दुखणे थोड्याफार फरकाने हेच आहे. ज्यांना उत्तर द्यायचे आहे त्यांना हे पत्र कोणासाठी आहे ते कळेल.

रस्ता पूर्वी चालत होता तो एका साध्या हिशोबावर. पोर्तुगीज अमदानीत बांधलेली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत वाढलेली ही घरे: भिंती चिऱ्याच्या, छप्पर मंगळुरी कौलांचे, खाली दुकान आणि वर किंवा मागे बिऱ्हाड. जोते रस्त्यापासून दीड फूट उंच, म्हणजे अर्ध्या अर्ध्या फुटाच्या तीन पायऱ्या. दुकानापुढे पाच-सहा फुटांची पडवी, ती शेजाऱ्याच्या पडवीला लागून, त्याची पुढच्याच्या. एका टोकाला पडवीत चढलेला माणूस भर आषाढात दुसऱ्या टोकाला कोरडा उतरायचा. दारांना फळ्या होत्या. प्रत्येक फळीवर आकडा, कारण वरच्या आणि खालच्या खाचेत त्या क्रमानेच बसत. सकाळी काढल्या की पडवीत रचून त्यांचाच बाक होई. छपराचे पाणी पागोळ्यांतून थेट चिऱ्यांनी बांधलेल्या उघड्या गटारात पडे, आणि गटार उघडे असल्यामुळे तुंबले तर सगळ्यांना दिसे.

जुने ते सोने म्हणायला आम्ही हे लिहीत नाही. त्या गटारात पाय घालून पडलेल्यांची संख्या कमी नव्हती आणि वासही काही अत्तराचा नव्हता. सांगायचे ते इतकेच, की जोते, पडवी, पागोळी आणि गटार ही एकमेकांवर अवलंबून असलेली चार अंगे होती. गेल्या चाळीस वर्षांत आपण, म्हणजे पालिकेने आणि आम्हीही, ती एकेक करून मोडली.

पडवी आम्ही मोडली, हे आधी कबूल करतो. १९८० साली राज्याच्या बसगाड्यांचे कदंब महामंडळ सुरू झाले, पुढे गाड्यांची ये-जा वाढली, स्कूटर घरोघरी आल्या, आणि दुकानात माल मावेना तेव्हा एकाने फळ्या काढून लोखंडी शटर पडवीच्या कडेला आणून बसवले. शेजारी मागे कसा राहणार? दहा-बारा वर्षांत अर्धी रांग पुढे आली. शटर गुंडाळून बसायला वर फूट-सव्वा फुटाची पेटी लागते. ती बसवायला पडवीचे लाकडी तुळवट कापले, मग कौलांचा उतार मध्येच तुटला, त्याखाली पत्रा आला, पत्र्यापुढे प्लॅस्टिक आले. चालणाऱ्याची कोरडी वाट दुकानाच्या पोटात गेली आणि तो रस्त्यावर उतरला. त्या प्रत्येक शटरला पालिकेने व्यापारी परवाना दिला व घरपट्टीही लावली, हे सांगितल्याशिवाय कबुली पुरी होत नाही.

पण जोते पालिकेने मोडले, आणि आमची मुख्य तक्रार त्याचीच आहे.

डांबरी रस्त्यावर हॉटमिक्सचा नवा थर चढतो तो साधारण ४० मिलिमीटरचा असतो. दर चार-पाच वर्षांनी, बहुधा निवडणुकीच्या आगेमागे, तो चढतो. जुना थर खरवडून काढल्याशिवाय पाच वेळा असे केले की रस्ता २० सेंटिमीटर वर येतो. मध्ये एकदा पाइपलाइनसाठी खोदलेला चर भरताना भर जास्त पडली, एकदा काँक्रीटचा पट्टा आला, तेही धरा. दीड फुटाचे जोते म्हणजे ४५ सेंटिमीटर. आज रस्त्याच्या वरच्या टोकाला तीनपैकी एक पायरी उरली आहे, मध्यावर उंबरठा आणि रस्ता एका पातळीत आहेत आणि खालच्या टोकाला काही दुकानांत उतरावे लागते. लोक म्हणतात दुकाने खचली. दुकाने आहेत तिथेच आहेत. चिऱ्याच्या पायावर शंभर वर्षे उभी असलेली भिंत अशी निमूट सरळ खचत नसते, तडा देऊन खचते. खचली असती तर आधी आमच्या गवंड्यांना दिसले असते.

थर खरवडायला यंत्र लागते, खर्च वाढतो, हे आम्हाला माहीत आहे. पण न खरवडल्याचा खर्चही कोणीतरी भरतोच. उंबरठ्यावर विटेचा आणि सिमेंटचा बांध, दारात लोखंडी पाट, आत फळीवर चढवलेली तांदळाची पोती, पावसाळ्यातल्या प्रत्येक मोठ्या सरीला अर्धा दिवस बंद धंदा. तो भरणारे आम्ही आहोत, म्हणून तो पालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. आता नव्या आराखड्यात जुन्या डांबरावरच वाळू पसरून ६० मिलिमीटरचे पेव्हर बसवायचे आहेत. वाळू तीस-चाळीस मिलिमीटर धरली तर रस्ता आणखी १० सेंटिमीटर वर. मध्यावरची सगळी दुकाने एका झटक्यात खड्ड्यात जातील.

पेव्हरविषयी स्वतंत्र बोलले पाहिजे, कारण ते दिसायला सोपे आणि बसवायला अवघड काम आहे. ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक हलक्या वाहतुकीसाठी असतो. आमच्या रस्त्यावर पहाटे तांदूळ, सिमेंट आणि बाटलीबंद पाण्याचे ट्रक रिकामे होतात. अशा ठिकाणी निदान ८० मिलिमीटरचा, एम-४० या मजबूत काँक्रीटच्या दर्जाचा ब्लॉक हवा. खाली नुसती वाळू पुरत नाही. आधी खडीचा थर १५ ते २० सेंटिमीटरच्या टप्प्यांत पाणी मारून रोलरखाली दाबावा लागतो, मग वाळूचा थर, आणि दोन ब्लॉकमधली दोन-चार मिलिमीटरची फट कोरड्या बारीक वाळूने भरून पुन्हा दाबावी लागते. दोन्ही कडांना काँक्रीटची पक्की किनार नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात, फटी रुंदावतात, त्यांतून पाणी खाली जाते आणि वाळू धुपून गटारात उतरते. पहिल्या पावसात दोन-चार ब्लॉक डुगडुगतात, दुसऱ्यात तिथे खळगा पडतो, आणि तिसऱ्यात पालिकेचा माणूस येऊन त्यावर सिमेंट ओततो. राज्यात असे सिमेंट ओतलेले पेव्हर पाहायला फार लांब जावे लागत नाही.

आणि ब्लॉक बसवून महिना होतो न होतो तोच कोणीतरी ते उखडायला येतो, तेही ठरलेलेच. आधी पाण्याची जोडणी, मग विजेची केबल, मग इंटरनेटवाले. उखडलेले ब्लॉक परत बसतात ते चरातली माती न दाबता, म्हणून चराची रेघ रस्त्यावर व्रणासारखी राहते. वरच्या तारांचे सांगायलाच नको. शिगम्याच्या (होळीच्या सणाच्या) चित्ररथापुढे बांबूने केबली उचलत चालणारा माणूस आता मिरवणुकीचाच भाग झाला आहे. रस्ता खोदायचाच आहे तर एकदाच खोदा: पाणी, मलनिस्सारण, वीज आणि जास्तीच्या दोन रिकाम्या नळ्या आडव्या टाकून ठेवा, आणि मगच वरचा थर घाला. हा क्रम उलटा झाला की पुढचे सगळे पैसे चरात जातात.

गटाराचे गणित आम्ही करून पाहिले. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. आमचा रस्ता ३०० मीटर लांब आणि भिंत ते भिंत १२ मीटर रुंद. एका बाजूच्या गटाराला अर्धा रस्ता आणि त्या बाजूच्या छपरांचे सुमारे १५ मीटर धरले तर ६,३०० चौरस मीटरचे पाणी येते. तासाला ५० मिलिमीटरची सर, जी आपल्याकडे काही विशेष नाही, आली तर सेकंदाला सुमारे ८७ लिटर पाणी त्या गटारातून जायला हवे. एक फूट रुंद, दीड फूट खोल, आतून गुळगुळीत आणि २०० फुटांना एक फूट उतार असलेले स्वच्छ गटार सेकंदाला १४५ लिटरच्या आसपास पाणी वाहून नेते. म्हणजे भरपूर. तेच गटार अर्धे गाळाने भरले की क्षमता अर्ध्याहून खाली, ६५ लिटरवर येते. मग उरलेले पाणी कुठे जाते ते आमच्या तांदळाच्या पोत्यांना विचारा.

तेव्हा गटार लहान आहे म्हणून रस्ता तुंबतो, हे सांगणे बंद करावे. गटार भरते म्हणून रस्ता तुंबतो, आणि ते भरते कारण उघडता येत नाही. उघड्या गटारावर पालिकेने काँक्रीटची झाकणे घातली, ते योग्यच केले. पण झाकणे घातली ती चार फूट लांब, दोन फूट रुंद, चार इंच जाड. एकेकाचे वजन १८० किलोच्या घरात. ती उचलायला चार माणसे आणि पहार लागते, आणि मे महिन्यात गाळ काढायला येतात दोघे. ते बिचारे दोन टोके साफ करतात, मधला बोगदा तसाच. दोन फूट बाय दोन फूट, तीन इंच जाड झाकण सत्तर किलोच्या आत राहते. दोन कड्या बसवल्या तर दोन माणसे ते सहज उचलतात. इतक्या साध्या गोष्टीवर सगळा पावसाळा अवलंबून आहे. शिवाय झाकणांतली भोके पुरुषाच्या अंगठ्याएवढी आहेत, ती गुटख्याच्या पुड्यांनी आणि पिंपळाच्या पानांनी पहिल्याच आठवड्यात बुजतात. भोके नकोत, दर पाच मीटरला फूटभर रुंद लोखंडी जाळी हवी, तीही रस्त्याच्या उताराच्या खालच्या अंगाला. गटाराच्या मधून आडवे गेलेले पाण्याचे पाइप काढून झाकणाच्या वर किंवा तळाच्या खाली घेतले पाहिजेत; प्रत्येक आडव्या पाइपला बाटल्यांचा एक बांध तयार झालेला आहे. आणि काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवायचा नसतो, हे लिहावे लागते याचेच वाईट वाटते. जूनच्या पहिल्या सरीला तो होता तिथे परत जातो.

आमच्यातल्या हॉटेलवाल्यांनी तेलकट पाणी थेट गटारात सोडणे थांबवावे, हेही इथेच नोंदवतो. प्रत्येक हॉटेलात मोरीनंतर तेल अडवणारी टाकी हवी. ती नसेल तर परवाना अडवा, आमची हरकत नाही.

आता भाजीवाल्या बायकांकडे येऊ.

आसपासच्या वाड्यांवरून येणाऱ्या या बायका आठवडाभर एकच माल विकत नाहीत. हंगामाप्रमाणे बाजार बदलतो तो त्यांच्यामुळे. एप्रिल-मेमध्ये पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे दिवस: सुके बांगडे, सुंगटे (कोळंबी), आमसुले, चिंच, मिरची, कांद्याच्या माळा, फणसाचे पापड. पावसाळ्यात तांबडी भाजी, चिबूड, काकड्या. चवथीच्या आदल्या दोन दिवसांत माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर रानफळे बांधायच्या चौकटीचे सामान: कांगणे, कवंडळे, घागऱ्या, तोरिंगे, आंबाडे, सुपारीची शिपटी. रानातून आणलेला हा माल दोन दिवसांचा. त्याला गाळा लागत नाही, शटर लागत नाही. लागते ती जमिनीवरची पाच-पाच फुटांची जागा आणि समोरून चालत जाणारे गिऱ्हाईक. म्हापशाचा शुक्रवार किंवा डिचोलीचा बुधवार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावण्याची गरज नाही. पहिल्या मजल्यावर बाजार चढवण्याचे काय होते तेही सर्वांना ठाऊक आहे. नारळांची पिशवी हातात असलेला माणूस भाजीसाठी जिना चढत नाही. चार महिन्यांत बायका पुन्हा खाली येतात, मग त्या ‘बेकायदा’ ठरतात, आणि वरचा मजला कोणाचे तरी गोदाम होतो.

त्यांना हलवून मिळणाऱ्या जागेचा हिशोबही पाहा. उभ्या मोटारीला अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्या जागेत पाच बायका टोपल्यांसह बसतात. एका मोटारीतून एक गिऱ्हाईक येते; पाच बायकांकडे दिवसभरात येणारी गिऱ्हाईके तुम्हीच मोजा. आणि सकाळी ९ ला रस्त्यावर लागून संध्याकाळी ७ ला हलणाऱ्या मोटारी गिऱ्हाइकांच्या नसतातच. त्या आमच्या असतात, आणि शेजारच्या बँकांतल्या कर्मचाऱ्यांच्या. जागा हवी असेल तर तासाचे शुल्क लावा, पहिली अर्धी घटका फुकट ठेवा. आमच्या गाड्या आम्हीच बाहेर नेऊन ठेवू. पैसे मोजावे लागले की अक्कल लवकर येते.

कायद्याचे म्हणाल तर २०१४ चा पथविक्रेता कायदा पुरेसा स्पष्ट आहे. नगर विक्रेता समिती स्थापन झाली पाहिजे, तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत व त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची पाहणी. हलवायचे तर ३० दिवसांची नोटीस. पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार म्हणून जाहीर करून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्यात म्हटले आहे. आमचा बाजार मुक्तीच्या आधीचा आहे. बाजारपट्टीच्या (सोपोच्या) जुन्या वह्या पालिकेच्याच दप्तरात असतील. त्यामुळे समितीसमोर विषय न नेता घेतलेला स्थलांतराचा निर्णय आम्हाला मान्य नाही.

सोपोचा विषय निघालाच आहे तर दोन वाक्ये. बाहेरच्या वाचकांसाठी: सोपो म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून पालिका घेते ती पट्टी. (गंमत अशी की घराच्या बाल्कांवातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, बसायच्या ओट्यालाही गोव्यात सोपोच म्हणतात. बाजारात मात्र बसायला ओटा नाही, पट्टी तेवढी आहे.) तिची वसुली लिलावाने ठेकेदाराला दिली जाते. ठेकेदाराने लिलावात भरलेली रक्कम काढायची तर त्याला दर वाढवावा लागतो किंवा दिवसातून दोनदा फिरावे लागते, आणि पावतीचे पुस्तक खिशातच राहते. दराचा फलक मराठी व कोकणीत, देवनागरीत, बाजाराच्या दोन्ही तोंडांना लावावा. पावती नाही तर सोपो नाही, असे त्या फलकावरच लिहावे.

घरांच्या दुरुस्तीविषयी आपल्या आराखड्यात एक ओळ आहे: ‘दर्शनी भाग एकसारखे रंगवणे’. ती वाचून आमचे गवंडी हसले. चिरा हा सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागून कडक होतो, पण पाणी शोषायचे आणि सोडायचे त्याचे काम चालूच राहते. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा. तोही श्वास घेतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आम्ही त्यावर सिमेंटचा गिलावा मारला आणि वरून तेलाचा किंवा प्लॅस्टिकचा रंग. जमिनीतून चढलेली ओल आत कोंडते, गिलावा फुगतो, ठोकला की पोकळ वाजतो आणि एक दिवस पाटासारखा सुटतो. रस्ता वर आल्यामुळे आता ओल पूर्वीपेक्षा फूटभर जास्त उंच चढते, हेही विसरू नका. अशा भिंतीला रंग लावणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पैसे सोलून काढणे. सिमेंट तासून, भिंतीला एक उन्हाळा सुकू देऊन, निदान पंधरा दिवस पाण्यात भिजवून ठेवलेल्या चुन्याचा एकास तीन वाळूचा गिलावा दोन-तीन हातांत, हळूहळू करावा लागतो. वेळ लागतो. मार्चअखेरीला बिल काढायच्या घाईत तो होत नाही.

कौलांचे तेच. चौरस मीटरला साधारण १५ कौले लागतात, पण एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही, आणि जुन्या छाप्यांचे कारखाने बंद पडत गेले. पाडल्या जाणाऱ्या प्रत्येक जुन्या घराची धड कौले पालिकेने उतरवून एका शेडमध्ये छाप्यानुसार रचून ठेवली तर पाच-पंचवीस छपरे पत्र्यापासून वाचतील. खर्च म्हणाल तर एक शेड आणि एक वही.

ही घरे इतकी का मोडकळीस आली, त्याचे मूळ मात्र भाड्यात आहे. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालची जुनी भाडी आज चहाच्या खर्चाइतकी उरली आहेत. मालक म्हणतो, या भाड्यात मी कौल का बदलू? भाडेकरू म्हणतो, घर तुझे, मी वासा का बदलू? दोघेही आपापल्या परीने बरोबर, आणि वाळवी दोघांचेही ऐकत नाही. आमच्या सह्यांत मालकही आहेत आणि भाडेकरूही, म्हणून कायदा कसा बदलावा यावर आमचे एकमत नाही व इथे ते लिहीतही नाही. पण कौले बदलणे, कुजलेला वासा काढून त्याच मापाचा घालणे, चुन्याचा गिलावा करणे एवढ्यासाठी पालिकेच्या परवानगीला लागणारे महिने तरी कमी करता येतील. अर्ज मार्चमध्ये केला आणि परवानगी जुलैमध्ये मिळाली तर ती न मिळाल्यासारखीच.

२०१२ ला खाणी बंद झाल्यानंतर खाणपट्ट्यातल्या बाजारांनी जे सोसले, आणि आता मोबाइलवर मागवलेला माल दारात येऊ लागल्यावर सगळेच बाजार जे सोसत आहेत, त्याची जबाबदारी आम्ही पालिकेवर टाकत नाही. गिऱ्हाईक का आटले याची कारणे अनेक. पण जे गिऱ्हाईक अजून पायी येते, त्याला छत्री मिटून चालता यावे एवढे रस्ता नक्की करू शकतो.

आमच्या मागण्या:

निविदा निघण्याआधी रस्त्याच्या पातळीचा नकाशा जाहीर करा. दर १० मीटरला रस्त्याचा मध्य, दोन्ही कडा, गटाराचा तळ आणि समोरच्या प्रत्येक दाराचा उंबरठा, हे आकडे त्यात हवेत. आमचे निवृत्त ओव्हरसियर पातळी मोजायची दुर्बीण आणि पट्टी घेऊन विनामोबदला सोबत येतील. दोन दिवसांचे काम आहे.

जुने थर खरवडून रस्ता सर्वांत खालच्या उंबरठ्यापासून निदान १५ सेंटिमीटर खाली न्या. मध्यभागातून दोन्ही कडांना उतार द्या. पुढे कधीही थर घालायचा तर आधी तेवढाच काढायचा, असा ठराव करून ठेवा.

पाणी, वीज, मलनिस्सारण, केबल यांची कामे रस्त्याच्या कामाआधी. त्यानंतर तीन वर्षे खोदाईला परवानगी नको, आणि नाइलाजाने दिलीच तर चर थराथराने दाबून बुजवल्याची मोजणी झाल्याशिवाय अनामत परत नको.

गटाराला दोन माणसांना उचलता येतील अशी झाकणे, दर पाच मीटरला जाळी. गाळ मेच्या अखेरीपर्यंत काढून त्याच दिवशी उचला.

कंत्राटदाराचे शेवटचे बिल एक पूर्ण पावसाळा गेल्यानंतरच द्या. दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षे कोणाची, ते रस्त्यावर फलक लावून सांगा.

पायी चालणाऱ्यांसाठी निदान १.८ मीटरची मोकळी वाट आणि १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसलेली कड, हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेतलेच माप आहे. तिच्यावर चकचकीत टाईल्स नकोत. पावसाळ्यात शेवाळ धरते आणि म्हातारी माणसे घसरतात. पिंपळाच्या बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवा.

विक्रेत्या बायकांचे स्थलांतर स्थगित करा. कायद्याप्रमाणे समिती, पाहणी, मग चर्चा. चवथीच्या आणि पुरुमेंताच्या दिवसांत संपूर्ण रस्ता वाहनांना बंद ठेवून त्यांना आखून जागा द्या.

किरकोळ दुरुस्तीचे अर्ज १५ दिवसांत निकाली काढा, आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्यासाठी पालिकेत एक वेगळी खिडकी ठेवा.

आमच्या बाजूने एक गोष्ट देऊ करतो. पडवी परत करायला आम्ही तयार आहोत. पुढे आलेली शटरे मागे घेऊ, पत्रे काढू, आणि प्रत्येकाने आपापल्या खर्चाने कौलांचा उतार पुन्हा जोडू. अट दोनच. एक, काम एका रांगेत आणि एकाच उन्हाळ्यात व्हावे. एकाने मागे जायचे आणि शेजाऱ्याने पुढेच राहायचे असे झाले तर उद्या कोणीच मागे जाणार नाही. दोन, जी जागा चालण्यासाठी मोकळी होईल तिच्यावरची घरपट्टी त्या वर्षापासून बंद व्हावी. रस्त्यावरच्या ज्या दुकानदारांनी यासाठी लेखी संमती दिली आहे त्यांची यादी, दुकानासमोरच्या पडवीच्या मापांसह, या पत्राच्या प्रतीसोबत मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात सादर केली आहे.

पुढील पालिका बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे पत्र घ्यावे आणि आमच्या तीन प्रतिनिधींना म्हणणे मांडू द्यावे. तोपर्यंत निविदा काढू नये, ही विनंती. शक्य असल्यास बैठकीपूर्वी पालिका मंडळाने एकदा सगळ्यांनी मिळून रस्त्यावर यावे, तेही पाऊस चालू असताना. छत्र्या आमच्याकडे आहेत. लोखंडी पाट ओलांडून आत यावे लागेल, तेवढे सांभाळा.

आपले,
बाजाररस्त्यावरील दुकानदार, घरमालक, भाडेकरू आणि कारागीर